प्रितवादी

नमूद करण्यात येते की, सदर व्यक्ती स्त्री असून वयाने साठीच्या अलीकडे-पलीकडे आहे. उंची मध्यम. बांधा मध्यम. चष्मा दुहेरी. ओळखीची खूण : उजव्या हाताची करंगळी किंचित वाकडी. व्यवसाय : मराठी टंकलेखन, यात अर्ज, प्रतिज्ञापत्रे, करारनामे व लोकांची इतर रडगाणी समाविष्ट. साधन : डेस्कटॉप संगणक, एक, जुना. सदर संगणकाने पडद्यावर असे कळवले आहे की, तो विंडोजच्या पुढील आवृत्तीस पात्र नाही. सदर व्यक्तीच्या चिरंजीवांनी फोनवर असे कळवले आहे की, तिनेही आता थांबावे. दोन्ही अहवालांचा निष्कर्ष एकच असल्याने प्रकरण निकाली काढण्यास हरकत नसावी.

हे झालं कागदोपत्री. प्रत्यक्षात ती जिन्याखाली बसते. वरच्या मजल्यांवर वकिलांची कार्यालयं आहेत आणि जिन्याखाली तिची खोली, जिच्या छताला जिन्याचाच उतार असल्यामुळे उंच अशिलांना वाकून आपली तक्रार सांगावी लागते. त्यामुळे तक्रार आपोआप नम्र होते. आत एक टेबल, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. पंख्याला तीन वेग आहेत आणि तिन्ही सारखेच आहेत. सगळे तिला टायपिंगबाई म्हणतात. खरं नाव बहुधा पाटीवर होतं, पण पाटीवर आता वरच्या एका वकीलसाहेबांच्या गाडीचं कव्हर वाळत असतं.

घरी ती आणि तिची नणंद, अशा दोघी राहतात. नणंद धाकटी, लग्न न केलेली, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. भाऊ गेल्यावरही ती त्याच घरात राहिली, कारण घर तिचंही होतं आणि स्वयंपाकघरात डब्यांची मांडणी तिने लावली होती. दोघींचं पटत नाही आणि एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही. टायपिंगच्या व्यवसायाला नणंद पहिल्यापासून ‘वहिनीची टकटक’ म्हणत आली. त्यात कौतुक नव्हतं.

मुलाचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता आणि नणंद समोर बसून मटार सोलत होती.

“आई, पुरे झालं आता. मशीनही म्हातारं झालंय. तू इकडे ये. पोरीला आजी मिळेल.”

“आणि आत्या?”

“आत्याचं बघू की.”

मराठीत ‘बघू’ या शब्दाचा अर्थ न बघणे असा आहे, हे नणंदेला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिने हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि पुढची शेंग घेतली.

“महिनाअखेरीला खोलीच्या मालकाला सांगायचंय,” टायपिंगबाई म्हणाल्या. “मशीन धड झालं तर राहते. नाही तर येते.”

फोन ठेवला गेला, शेवटची शेंग सोलून झाली. मग नणंद म्हणाली, “वहिनी, लिनक्स म्हणून काहीतरी असतं.”

लिनक्स म्हणजे जुन्या संगणकावरही चालणारी आणि कोणालाही घेता येणारी दुसरी कार्यप्रणाली, इतकं नणंदेने दोन दिवसांत वाचून काढलं. वाचण्याचा तिला सराव होता. भूगोल तिने सगळा असाच शिकवला होता, एकाही समुद्राला न भेटता. तिला कळलं की लिनक्स एक नाही, शेकडो आहेत. मूळ पुरुष एकच, पण पुढे कोणाचं कोणाशी पटलं नाही की तो आपला वेगळा संसार थाटून नवं नाव लावतो.

“म्हणजे भाऊबंदकीच,” वहिनी म्हणाल्या.

“भाऊबंदकीच. फक्त हे लोक वाटणीनंतरही एकमेकांना भांडी उसनी देतात.”

त्यातला हलका, जुन्या यंत्राला सोसेल असा एक भाऊ नणंदेने निवडला आणि तो पेन ड्राइव्हवर उतरवला. उतरवायला विंडोजच वापरावं लागलं. जाणाऱ्यानेच येणाऱ्याला दार उघडून दिलं म्हणायचं.

रविवारी दुपारी जेवण आटोपून दोघी जिन्याखालच्या दुकानात गेल्या. आधी कागदपत्रांच्या फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घेतल्या. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण संगणक नव्या पेन ड्राइव्हकडे ढुंकून बघेना. चालू केला की हट्टाने विंडोजच.

“बूट होत नाहीये,” नणंद म्हणाली.

“मग चप्पल घाला.”

“विनोद नको. चालू होताना एक बटण सारखं दाबायचं असतं. कुठलं ते मशीनवर अवलंबून.”

“सारखं दाबायचं ना? सरका. माझा जन्म त्यात गेलाय.”

वहिनींनी वरच्या रांगेतली एकेक कळ घेऊन टकटक सुरू केली. चौथ्या की पाचव्या खेपेला काळा पडदा आला आणि त्यावर यादी. नणंदेने आयुष्यात प्रथमच त्या टकटकीला आक्षेप घेतला नाही.

पुढे भाषा विचारली गेली. नणंदेने बाणेदारपणे मराठी निवडली. चूक तिथेच झाली. ज्या कोणी सज्जनाने ते भाषांतर केलं होतं, त्याला मराठी बोलणारं माणूस भेटलं असावं असं वाटत नव्हतं. पडद्यावर ‘विभाजन’ निवडायला सांगितलं होतं. खाली ‘आरोहण बिंदू’ विचारला होता.

“आरोहण!” नणंद उजळली. “हे पर्वताचं आहे. खालच्या तळाचं ठिकाण विचारत असतील.”

“ताई, या डबड्यात पर्वत कुठला? आणि विभाजन नको बाई. वाटणीचा विषयच नको. सगळं एकत्र ठेवा.”

शेवटी ‘संपूर्ण डिस्क पुसून स्थापना करा’ असा पर्याय सापडला. तो दोघींनाही समजला. वहिनींनी फाइली नीट उतरल्यात ना, हे पुन्हा एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “पुसा.”

पुसायला वेळ लागला. स्थापनेलाही. तोवर नणंदेने खिडकीची जाळी पुसून घेतली. मग एक निळसर, शांत पडदा उघडला. ज्या प्रिंटरने प्रत्येक वेळी नवी सीडी मागून छळलं होतं, तो काहीही न मागता पान छापून मोकळा झाला. इंटरनेट मात्र रुसलं. नणंदेने फोन केबलने जोडून त्याची समजूत काढली. संगणक आधीपेक्षा लवकर सुरू होत होता. नणंद खुर्चीत मागे रेलली. तिच्या मते महिनाअखेरीचा प्रश्न सुटला होता.

“टाइप कर काहीतरी,” ती म्हणाली.

इथे थोडं तांत्रिक सांगणं भाग आहे. टायपिंगबाई जो मराठी प्रोग्राम वापरत तो टाइपरायटरच्या वळणाचा होता. टाइपरायटरवर अक्षर जसं दिसतं तसं उमटवतात. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी मारायची आणि अक्षर नंतर. तो प्रोग्राम लिनक्सवर चालत नव्हता. नणंदेने शोधाशोध करून लिनक्समध्येच टाइपरायटरसारखी कळांची मांडणी मिळवली होती, अक्षरं अगदी जिथल्या तिथे. फक्त नव्या पद्धतीत माणूस जसं बोलतो तसं लिहायचं : आधी अक्षर, मग त्याची वेलांटी. आधी मारलेली वेलांटी ही पद्धत मुकाट्याने मागच्या अक्षराला डकवते.

वहिनींनी टाइप केलं ‘कविता’. पडद्यावर उमटलं ‘किवता’.

त्यांनी टाइप केलं ‘महिना’. उमटलं ‘मिहना’.

‘परिस्थिती’ तर ‘पिरिस्थती’ होऊन बसली.

“याला मराठी येत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“येतं. वहिनी, तू ‘कविता’ म्हणताना आधी ‘व’ म्हणतेस की वेलांटी?”

“मी म्हणत नाही. मी टाइप करते.”

“आधी पोटोबा, मग विठोबा. तसं आधी अक्षर, मग वेलांटी. एवढंच.”

“एवढंच! तुम्हाला उद्यापासून डाव्या हाताने जेवा म्हटलं तर? एवढंच!” त्यांनी बोटं कीबोर्डवरून उचलली आणि मांडीवर ठेवली. “डोक्याला कळलं हो. बोटांना कोण सांगणार? जाऊ दे. मालकाला कळवते, खोली सोडते म्हणून.”

नणंद उठली नाही. तिने आपला चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. “मालक काही पळून जात नाही,” ती म्हणाली. “उद्या मी येते दुकानात. मी अक्षर अक्षर म्हणते, तू मार.”

सोमवारी नणंद अशिलाच्या खुर्चीत बसली आणि वर्गात शिकवावं तशा आवाजात ‘म’, ‘हि’, ‘ना’ म्हणू लागली. जिन्यावरून जाणारे दोन कनिष्ठ वकील थबकले; त्यांना वाटलं, खाली प्रौढशिक्षणाचा वर्ग निघाला.

दुपारी वरचे वकीलसाहेब आले. हे वहिनींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांना लिहिता येतं, पण त्यांचं लिहिलेलं त्यांनाही वाचता येत नाही, म्हणून ते फेऱ्या मारत तोंडी सांगतात. उतरत्या छताखाली त्यांच्या फेऱ्या दोन पावलांच्या असतात.

“बाई, घटस्फोटाचा अर्ज आहे. उद्या दाखल करायचाय. जमणार असेल तर सांगा, नाही तर समोर नवं दुकान निघालंय.”

“सांगा,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं, यांनी मारलं. शब्दाच्या सुरुवातीची वेलांटी चुकली की पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटायचं, जणू रिकामी खुर्ची. ते लगेच दिसे. ‘विनंती’, ‘विवाह’, ‘दिनांक’ यांच्या आधीच्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या त्यांनी एकेक करून हलवल्या. ‘पिरिस्थती’ पकडली. ‘मिहना’ पकडला. संध्याकाळ व्हायच्या आत अर्ज छापून वर गेला. वेग पूर्वीच्या निम्माही नव्हता, पण कागद पांढरा आणि ओळी सरळ होत्या. नणंदेने त्या दिवशी चहा आणला, आणि आणल्याचं बोलून दाखवलं नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब अर्ज हातात नाचवत खाली उतरले.

“बाई, हे काय आहे?”

“अर्ज.”

“ज्या माणसाने बायकोला माहेरी धाडलं आणि परत विचारलं नाही, त्याला तुम्ही काय म्हटलंय? वाचा!”

वहिनींनी वाचलं. ‘प्रतिवादी’ या शब्दात वेलांटी ‘त’च्या आधी पडली होती आणि ‘प्र’ने ती ठेवून घेतली होती. वर्तुळ उमटलं नव्हतं, शब्द शहाण्यासारखा दिसत होता. पानोपानी, कलमागणिक, तो मनुष्य प्रितवादी झाला होता. प्रितवादी अर्जदार महिलेस मारहाण करीत असे. प्रितवादी घरखर्च देत नसे.

“मी अक्षर अक्षर म्हणताना बरोबर म्हणाले होते ना?” नणंदेने विचारलं.

“साहेब म्हणत होते, ताई. तुम्ही चहा आणायला गेला होतात.”

“अशिलाने वाचला का?” नणंदेने वकीलसाहेबांना विचारलं.

“तिनेच तर आधी वाचला! एवढी हसली की मला पाणी द्यावं लागलं. कित्येक महिन्यांत प्रथम हसली म्हणे. वर मला सांगते, राहू द्या तसंच. राहू द्या कसं? न्यायाधीश मला काय म्हणतील?” ते दाराकडे वळले. “माफ करा बाई. मी समोर देतो.”

“साहेब, समोरच्याकडे फाइल नाही,” वहिनी म्हणाल्या. “फाइल माझ्याकडे आहे. थांबा.”

त्या बसल्या. जुन्या प्रोग्राममध्ये त्या प्रत्येक चूक हाताने शोधून हाताने सुधारत. इथे त्यांनी शोधा-बदलाची चौकट उघडली. वरच्या रकान्यात चुकीचा शब्द लिहायचा होता, तो बोटांनी आपोआप लिहिला. खालच्या रकान्यात बरोबर लिहायचा होता. बोटं वेलांटीकडे गेली. थांबली. परत आली. ‘प्र’. मग ‘त’. मग वेलांटी. मग ‘वादी’. एकेक कळ त्यांनी अशी दाबली, की वकीलसाहेबांना वाटावं, खाली बॉम्ब आहे. मग ‘सगळीकडे बदला’ दाबलं. अर्जभर पसरलेला प्रियकर एका क्षणात साधा प्रतिवादी झाला.

प्रिंटरने पानं टाकली. वकीलसाहेबांनी उभ्याउभ्याच वाचली. एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून. कुठे बोट ठेवता येईना, तेव्हा त्यांनी पानं खिडकीच्या कठड्यावर आपटून सारखी केली.

“बाई, समोर जायचं म्हणजे रस्ता ओलांडा, मग पुन्हा पायऱ्या चढा. माझे गुडघे काही ते करणार नाहीत,” ते म्हणाले आणि एका पावलाची फेरी घेतली. “पुढचं घ्या. भाडेकराराचं आहे.”

“ताई, खुर्ची द्या साहेबांना.”

नणंद उठली. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती प्रिंटरशेजारी उभी राहिली आणि निघणारं पान हातात घेऊन प्रत्येक वेलांटी तपासू लागली.

महिनाअखेरीला टायपिंगबाईंनी मालकाला फोन करून खोली ठेवत असल्याचं सांगितलं, आणि मग मुलाला. मुलगा म्हणाला, “बरं. आत्या कशी आहे?”

“दुकानात असते,” त्या म्हणाल्या.

दुकान सकाळी दहाला उघडतं. आत आता तीन खुर्च्या आहेत.