पु लियानांचे दोन खोकले

पु लियाना पोरापोरींची नावं वहीत टिपतात आणि रविवारच्या आत चर्चच्या वडीलमंडळींच्या हातात देतात, अशी बोलवा होती. कुणाचा स्कर्ट किती आखूड, कोण कुणाच्या स्कूटरवर मागे बसली, सगळं म्हणे तारखेवार.

यातली वही खरी होती. बाकीचं कुणीतरी रचलेलं. वडीलमंडळींनी ती वही कधी पाहिलीसुद्धा नव्हती. पण हे शाळेत जाणाऱ्या मावीला कळलं फार उशिरा, आणि तोवर आठवडाभर ती त्या म्हाताऱ्यावर नजर ठेवून होती.

पु लियाना, पूर्ण नाव बियाकलियाना, म्हणजे वेंगचे, वस्तीचे, दवंडीवाले; तिथे मोठ्या पुरुषाला मानाने पु म्हणतात, बाईला पी. ऐझॉलच्या उभ्या उतारावर चिकटलेल्या त्या वस्तीत रोज संध्याकाळी सातला, आणि अडीनडीला दिवसाही, भोंग्यातून यायचा तो आवाज त्यांचा. पाणी कधी सुटणार, कुणाच्या घरी कोण वारलं, उद्या श्रमदानाला कुठे जमायचं. आधी माइकवर टकटक, मग दोन खोकले, मग "वेंगमधल्या मान्यवरांनोऽऽ". एकोणतीस वर्षं हेच. आवाज आला की लोक हातातला घास खाली ठेवत आणि सांगितलं ते करत. का म्हणून विचारायची पद्धतच नव्हती.

मावीला हा आवाज हुबेहूब जमायचा. तशी ती मुख्याध्यापिका, कोपऱ्यावरची भाजीवाली, शेजारणीचा कुत्रा, सगळ्यांची नक्कल करायची. म्हणून तर तिच्या मैत्रिणीने, नुनीने, तिला व्हिडिओत घेतलं. नुनीचं गाणं होतं पहाटे न उठण्याबद्दल, आणि शाळांच्या स्पर्धेला व्हिडिओ सोमवारी पाठवायचा होता. आराखडा त्यांचा मित्र मुआना याने काढला, कारण चांगला फोन त्याच्याकडे होता: पडद्यावर अंधार, दवंडी, नुनी डोक्यावरून पांघरूण ओढते, ताल सुरू, आणि मग लांब जिन्यावर सगळ्यांचा नाच. जिना शनिवारी एक तास वापरायला वेंगच्या कमिटीने परवानगी दिली होती. "एक तक्रार आली तरी रद्द," असंही बजावलं होतं.

आणि त्याच जिन्याच्या दहाव्या पायरीवर पु लियाना रोज तालमीच्या वेळी सुपारी चघळत, वही मांडीवर घेऊन बसायचे.

"बघ, लिहिलं," मुआना कुजबुजायचा. "तू कंबर हलवलीस की लिहितात."

"मग तुझ्यासाठी पानच पुरायचं नाही," मावी म्हणायची. पण त्यानंतर कंबर जपूनच हलवायची.

गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओतल्या दवंडीसाठी मुआनाने मोठा स्पीकर आणला. मावीने गच्चीवर उभं राहून टकटक केली, खोकली आणि पु लियानांचा आवाज काढला: "वेंगमधल्या मान्यवरांनोऽऽ! उद्या पहाटे सहाला लांब जिन्यावर श्रमदान आहे. घरटी एक माणूस यावा!" तिघंही हसून हसून लोळली. मुआनाने फोनवर टिपलेलं पुन्हा वाजवलं, तेही मोठ्याने.

शुक्रवारी पहाटे मावीने खिडकी उघडली. जिन्यावर माणसंच माणसं. कुदळी, फावडी, झाडू, पाठीवर टोपल्या. आणि सगळ्यांच्या मधोमध पु लियाना, हातात कुदळ.

"पु लियाना, काम काय ते सांगा की," कुणीतरी ओरडलं. "इथे तर काही पडलं-झडलेलं नाही."

म्हाताऱ्याने मान वर करून नेमकं मावीच्या खिडकीकडे बघितलं. दोनदा खोकले. म्हणाले, "शेवाळ खरवडायचं. पोरं घसरतील."

दोन तासांत जिना लखलखीत.

"दवंडी आपली नव्हती, हे का सांगितलं नाही त्यांनी?" शाळेत मावीने विचारलं.

"जाळं टाकलंय," मुआना म्हणाला. "शनिवारी बरोबर कॅमेरा लावल्यावर ओढतील."

"गेला व्हिडिओ," नुनी म्हणाली. ती रागावली नाही, हे जास्त वाईट होतं. "मावी, तू जाऊन माफी माग. आजच."

साडेसहाला मावी दवंडीच्या खोलीत गेली. पु लियाना थर्मासमधून चहा ओतत होते. वही टेबलावर उघडीच. मुद्दाम उघडी ठेवली असणार, मावीने ताडलं, आणि तरी वाचलं. 'बारा नंबर: बाळ एक ते तीन झोपतं, भोंगा नको. पी थुआमी: पाय मोडला, श्रमदानातून सूट. लांब जिना, चार ते पाच: मुलं गातात, भोंगा बंद.'

"तू तीनदा खोकलीस," पु लियाना म्हणाले. "मी दोनदाच खोकतो. तिसरा जास्तीचा झाला."

"पु लियाना, चुकलं माझं. कमिटीला…"

"कमिटीचा अध्यक्ष पहाटे माझ्या शेजारीच शेवाळ खरवडत होता. त्याला वाटतं दवंडी मीच दिली. वाटू दे. उद्या माणसं किती हवीत तुम्हाला?"

हा प्रश्न कशासाठी, ते मावीला कळेना. "शेवटच्या नाचात गर्दी हवी होती. पण आहोत सहाच."

"मग बोलाव." त्यांनी माइक तिच्याकडे सरकवला. "तुझ्या आवाजात."

"माझ्या आवाजात काळं कुत्रंही येणार नाही! तुमच्या आवाजात बोलवते ना, दोनच खोकते."

"येतील."

"नाही येणार. पैज!"

"बरं. दहा माणसं आली नाहीत, तर मी काळा चष्मा लावून नाचतो. आली, तर महिनाभर दवंडी तुझी. तुझ्याच आवाजात."

यात काहीतरी काळंबेरं आहे, हे मावीला दिसत होतं. कुठे, ते दिसत नव्हतं. पण पु लियाना काळ्या चष्म्यात, हे चित्र सोडवेना. सातला तिने टकटक केली. खोकायचं टाळलं. "मी मावी बोलतेय," ती म्हणाली आणि स्वतःचाच पातळ आवाज डोंगरावरून परत आलेला ऐकून अर्धं विसरली. "उद्या दहाला… लांब जिन्यावर… या. म्हणजे, आलात तर."

शनिवारी दहाला लोक आले. भोंग्यातून जिन्यावर बोलावलंय म्हटल्यावर पुन्हा कुदळी, फावडी, झाडू घेऊनच आले. पी थुआमी काठी टेकत, बारा नंबरचं बाळ आईच्या पाठीवर. "आज काय खरवडायचं गं?" अध्यक्षांनी विचारलं. नुनी ओरडली, "काही नाही, नाचायचं!" आणि मुआनाने फोन वर धरला. फावडी तालावर वर-खाली होऊ लागली.

मावी मात्र प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारत सुटली. "पु लियानांनी आधी घरी येऊन सांगितलं होतं ना? खरं सांगा."

"छे गं," पी थुआमी म्हणाली. "तूच नाही का बोलावलंस?"

सगळ्यांचं उत्तर तेच. इतकं तेच, की मावीचा संशय वाढला. पण पुरावा नव्हता, आणि डोकी मोजली तर सत्तावन्न भरली. दहाव्या पायरीवर पु लियाना सुपारी चघळत बसले होते. त्यांनी खिशातून काळा चष्मा काढला, फुंकर मारून पुसला, परत खिशात ठेवला आणि दवंडीच्या खोलीची चावी मावीपुढे धरली.