चादरी काढा, मग मूर्ती हलेल

आर्ट गॅलरीत मजूर शिरणार आहेत म्हणून भिंतीवरचं एकूण एक चित्र चादरीनं झाकलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे का?

मी पाहिलं आहे. पांढऱ्या चादरी होत्या, निळ्या काठाच्या, दवाखान्यातल्या खाटांवर असतात तशा. लांबलचक दालनात दोन्ही बाजूंनी त्या टांगलेल्या. आणि मी माझी गँग घेऊन त्या दालनाच्या मागच्या दारात उभा होतो.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भिलाईहून आमचा ट्रक सकाळी निघाला आणि चहाच्या वेळेला तिथे पोहोचला, एवढं सांगितलं तरी पुरे. नाव लिहिलं की बाकीच्या शहरांना वाटेल, हे आपल्याबद्दल नाही.

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात रिगिंगचा सुपरवायझर आहे. रिगिंग म्हणजे जड वस्तू उचलायची, सरकवायची आणि नेमक्या जागी बसवायची. क्रेन पोहोचते तिथे क्रेन. पोहोचत नाही तिथे चेन-पुली, दोर, लाकडी स्लीपर, लोखंडी पाइप आणि माणसं. या माणसांना खलाशी म्हणतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण भट्टीच्या अंगावरचे अजस्र पत्रे त्यांनीच वर चढवले आहेत.

त्या म्युझियमनं नवा हॉल बांधला होता. मागच्या व्हरांड्यात काळ्या दगडाची एक बुद्धमूर्ती बरीच वर्षं पडून होती. बसलेली, उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढी. कुणा शेतकऱ्याच्या नांगराला लागून सापडलेली. ती नव्या हॉलमध्ये चौथऱ्यावर बसवायची होती, कारण दुसऱ्या दिवशी मंत्री उद्घाटनाला येणार होते. शहरात हे काम करणारं कुणी मिळेना. म्हणून कारखान्याला विनंती आली आणि आमच्या इंजिनियर मुखर्जी साहेबांनी मला बोलावलं.

"वहाँ भाषण मत देना," ते म्हणाले. "लिफ्ट करो, शिफ्ट करो, वापस आओ."

गँगचे मुख्य रामटेके मिस्त्री. भंडाऱ्याकडचे, आता भिलाईला लागून असलेल्या मरोद्याला राहतात. वयानं माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. ट्रकमध्ये ते माझ्याजवळ बसले आणि एरवी बडबडणारा माणूस गप्प राहिला. मी कारण विचारलं.

"या म्युझियमात मी आलो होतो एकदा," ते म्हणाले. "रविवारी. तुमच्या काकूले घेऊन. नागपूरले दीक्षा घेतली तवापासून तिच्या मनात होतं, जुनी मूर्ती पाहाची. आपल्या घरी कॅलेंडर आहे, पण ते कागदाचं. दरवान म्हणे, लेबर लोगों का यहाँ क्या काम."

"मग?"

"मग काय. भजे खाल्ले अन् परत आलो. तिनं मले काही म्हटलं नाही. थेच लागलं मनाले."

असं सगळं पोटात घेऊन आम्ही तिथे पोहोचलो. फाटकावर म्युझियम कमिटीचे चिटणीस उभे होते. खादीचा कोट, हातात छत्री. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, मागे ट्रककडे पाहिलं आणि छत्रीनं गल्ली दाखवली.

"इन लोगों को पीछे से ले आइए."

मागून आलो. मागच्या व्हरांड्यातून नव्या हॉलला जायचं तर बाहेरून वाट नव्हती. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. रस्ता एकच, आर्ट गॅलरीतून. आणि त्या गॅलरीत या चादरी.

"चादरी कशाला?" मी विचारलं.

"धूल," चिटणीस म्हणाले.

फरशी आरशासारखी पुसलेली होती. आम्ही अजून एक पाइपसुद्धा आत आणला नव्हता. त्यांच्यामागे क्युरेटर पाठक उभे होते. क्युरेटर म्हणजे म्युझियममधल्या वस्तूंची देखभाल करणारा अधिकारी. शहरातल्याच एका जुन्या मराठी घरातले. ते चादरींकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नव्हते. त्यांची नजर फरशीवर होती.

माझं डोकं तापलं. ज्यांच्या हातांवर विसंबून ही मूर्ती उचलायची, त्यांच्या डोळ्यांवर मात्र तुमचा विश्वास नाही? हे म्युझियम कुणाच्या पैशातून उभं आहे? पाहण्याचा परवाना कपड्यांच्या इस्त्रीवर मिळतो का? वाक्यं तयार होती. मी काकांना बाजूला घेतलं.

"काका, आपण परत जाऊ. सामान ट्रकमध्ये टाका. मंत्र्यांनी येऊन व्हरांड्यात उद्घाटन करावं."

काकांनी विडी कानामागे खोचली.

"पत्रक छापून आणलं का तुमी येताना?"

"मस्करी नाही काका."

"मी कुठी मस्करी करून राहिलो? तुमी परत जाल. तिकडं कँटीनमध्ये लेक्चर द्याल, पोट्टे टाळ्या वाजवतीन. अन् थो देव म्हणा, बुद्ध म्हणा, राहीन तिथंच कोपऱ्यात. चादरी तशाच राहतीन. फायदा कोनाचा झाला?"

 त्याच क्षणी मला दुसरंच काहीतरी सुचलं.

आमच्या कामात एक नियम आहे. जड माल हलवण्याआधी गँगनं पूर्ण रस्ता रिकाम्या हातानं चालायचा. यालाच आम्ही 'रस्ता चालणं' म्हणतो. पायाखाली काय आहे, डोक्यावर काय लटकतं आहे, डाव्या-उजव्या बाजूला काय बाहेर आलं आहे, हे दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकानं स्वतः पाहायचं. फक्त मिस्त्रीनं नाही, सर्वांनी. कारण माल घसरतो तेव्हा मिस्त्रीला विचारायला वेळ नसतो. हा नियम कारखाना उभारायला आलेल्या रशियन तज्ज्ञांनी आणला की खलाशांचाच आहे, यावर आमच्याकडे रोज वाद होतो. पण मोडत कुणी नाही. मोडणाऱ्याला मुखर्जी साहेब त्याच दिवशी साइटवरून घालवतात.

मी चिटणीसांसमोर गेलो.

"काम सुरू करतो. आधी गँग रस्ता चालेल. पुढच्या दारापासून इथपर्यंत. आणि भिंती मोकळ्या लागतील. चादरीखाली कुठली फ्रेम किती बाहेर आली आहे ते दिसत नाही. धक्का लागला तर जबाबदारी कुणाची?"

"मिस्त्री देख लेगा."

"दोर मिस्त्री एकटा धरणार नाही."

"और सामने के दरवाज़े से क्यों?"

"मूर्ती नव्या हॉलमध्ये जायची आहे. नवा हॉल पुढे आहे. रस्त्याची दोन्ही टोकं पाहावी लागतात."

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि ऑफिसमध्ये जाऊन मुखर्जी साहेबांना फोन लावला. दार उघडं होतं. फोनमधला आवाज मला व्हरांड्यापर्यंत ऐकू आला, कारण साहेब रोज भट्टीच्या आवाजात बोलतात.

"रूट वॉक नहीं हुआ तो मेरा आदमी हाथ नहीं लगाएगा! हाथ लगाएगा तो मैं उसको निकालूँगा!"

चिटणीस बाहेर आले. चादरी काढायला त्यांनी शिपायाला हाक मारली, पण तोवर पाठकांनी पहिली चादर स्वतःच ओढली होती.

आम्ही गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराशी गेलो. दरवान स्टुलावरून उठला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं काकांकडे. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. काकांनी चपला काढल्या, तळवे पंच्यानं पुसले आणि आत गेले.

रस्ता चालायला एरवी आम्हाला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला, आणि मी कुणालाही घाई केली नाही. खलाशी खरोखर काम करत होते. एकजण वाकून उंबरा चाचपत होता, एकजण लटकणाऱ्या झुंबराची उंची हातानं अजमावत होता. पण माणूस भिंत पाहायला निघाला की भिंतीवरचं दिसतंच. पाठक सोबत चालत होते. आधी त्यांनी फक्त फ्रेमचं सांगितलं, ही ढिली आहे, हिला जपा. मग कुणीतरी विचारलं, "हा मिशीवाला कोन होय?" आणि पाठक सांगायला लागले. कुठला राजा, कुणी रंगवला, रंग कशाचे. एका चित्रात नदीकाठची संध्याकाळ होती. बिसाहू नावाचा आमचा छत्तीसगढी खलाशी तिच्यासमोरून हलेना. "हमर गाँव के नदिया," तो म्हणाला. ती त्याच्या गावची नदी नव्हती. पाठकांनी तसं सांगितलं नाही.

शेवटचं चित्र नवं होतं, भिलाईचंच. आमची भट्टी, चिमण्या, लाल आभाळ. आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो. चित्र चांगलं होतं. पण त्यात माणूस एकही नव्हता. ना परांचीवर, ना शिडीवर, ना खाली.

काकांनी मान तिरपी करून बराच वेळ पाहिलं.

"सर," त्यांनी पाठकांना विचारलं, "हे सुट्टीच्या दिवशी काढलं का?"

पाठक आधी हसले. मग हसायचे थांबले. "चित्रकार माझ्या ओळखीचे आहेत," ते म्हणाले. "विचारतो त्यांना."

मग मूर्तीपाशी आलो. इथे पाठकांनी आम्हाला असं काही सांगितलं, जे मागच्या दारानंच कामाला लागलो असतो तर कुणी सांगितलंच नसतं. मूर्तीचा उजवा गुडघा कधीतरी तुटलेला होता. मसाल्यानं जोडून वरून काळा रंग दिलेला. डोळ्याला जोड दिसत नव्हता. पाठकांनी काकांचा हात धरून त्यावरून फिरवला.

"इथे वायर लागली तर गेलं," ते म्हणाले.

काकांनीही त्यांना आमचं एक गुपित दिलं. "सर, आमच्यात 'उचल' फक्त एकच मानूस म्हणते. मी म्हणतो. पण 'स्टॉप' कोनीबी म्हणू शकते. तुमीबी. तुमाले काही दिसलं तं लाजू नका."

मग काम. गुडघा सोडून स्लिंग घातला. स्लिंग म्हणजे वायरच्या दोराचा फास. खाली गोणपाटाच्या घड्या दिल्या, वायर दगडाला लागू नये म्हणून. तीन पायांच्या घोडीला चेन-पुली टांगली, मूर्ती उचलली आणि स्लीपरच्या चौकटीवर ठेवली. चौकटीखाली पाइप. मागचा पाइप मोकळा झाला की पुढे आणून घालायचा. गॅलरीतून मूर्ती चालावी तशी गेली. एकाही फ्रेमला धक्का लागला नाही, कारण प्रत्येकाला ठाऊक होतं कुठली फ्रेम कुठे आहे आणि तिच्यात काय आहे.

नव्या हॉलमध्ये पुन्हा घोडी, पुन्हा चेन. मूर्ती चौथऱ्याच्या उंचीला आली आणि किंचित कलली. मी समोर होतो, मला काही दिसलं नाही. पाठक उजवीकडे गुडघ्यांवर बसून पाहत होते.

"स्टॉप!" ते ओरडले. आवाज फाटला त्यांचा.

चेन जागच्या जागी थांबली. कुणी कारण विचारलं नाही. मूर्ती हवेत.

गोणपाटाची घडी सरकली होती आणि वायर जोडाच्या दिशेनं उतरत होती. आणखी दोन हात चेन ओढली असती तर गुडघा फरशीवर आला असता.

"चलने दो, चलने दो," चिटणीस दारातून म्हणाले. "देर हो रही है."

काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूहळू खाली घेतलं, घडी दुहेरी केली, फास बदलला. "सर, पाहा बरं आता." पाठकांनी जोडाभोवती बोट फिरवून मान हलवली. "उचल!" मूर्ती वर गेली आणि चौथऱ्यावर बसली.

चिटणीसांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि मागच्या व्हरांड्यात चहा सांगितला. मी म्हटलं, चहा नको, एक बोलायचं आहे. येत्या रविवारी ही माणसं घरच्यांना घेऊन येतील. पुढच्या दारानं.

"आएँ न! पब्लिक के लिए ही तो है."

"पब्लिकसाठी आहे तं मंग आमाले कावून हाकललं होतं?" काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी अन् माही बायको. पब्लिकच होतो आमी."

पाठकांनी दरवानाला आत बोलावलं आणि आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं, "दार उघडं असेल तेव्हा ते सगळ्यांना उघडं. कपडे पाहायचे नाहीत. काम विचारायचं नाही. कुणी वेगळं सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठव." चिटणीस तिथेच होते. त्यांनी हरकत घेतली नाही. माझ्या दृष्टीनं त्या दिवसाचं खरं उद्घाटन ते होतं. दुसऱ्या दिवशीचं पेपरात आलं.

रविवारी आम्ही गेलो. कारखान्याचा ट्रक, बायका, पोरं, डबे. दरवानानं दार धरून ठेवलं. मी तिथे एक गोष्ट सर्वांना बजावली होती, ती इथेही लिहितो. आपण मूर्ती उचलली म्हणून आत जात नाही. उचलली नसती तरी गेलो असतो.

काकू मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, वाकल्या नाहीत. नुसतं पाहिलं, बराच वेळ. मग काकांकडे वळल्या.

"एवढा गलका करत आणला असन तुमी. अन् पाहा, डोये मिटूनच आहे."

काका हसले. ट्रकमध्ये गप्प बसलेला माणूस परतीच्या वाटेवर मरोदा येईपर्यंत बोलत होता.

या प्रकरणातून मी कामापुरता धडा घेतला तो कोरडा आहे. ज्याला वस्तू दाखवायची तुमची तयारी नाही, त्याच्याकडून ती सांभाळून घेण्याची अपेक्षा ठेवू नका. हे दगडालाही लागू आहे आणि कारखान्यालाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत असा एक माणूस नक्की आहे जो तुमच्या शहराच्या म्युझियममध्ये कधी गेलेला नाही, आपलं तिथे काय काम, असं मानून. तुमच्या घराचा गवंडी असेल, दूधवाला असेल, शेजारची बाई असेल. या रविवारी त्याला घेऊन जा. दारात कुणी अडवलं तर भांडू नका, माघारीही फिरू नका. नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा म्हणा, आणि दाखवेपर्यंत तिथेच उभे राहा.