जर्मनचा गंज आणि भाऊजींची मोपेड

"बिडी विझवा! अरे, ज्याच्या ज्याच्या तोंडात बिडी आहे त्यानं विझवा पह्यले, नाईतर सारे चामोर्शीपर्यंत उडून जासान!" मोपेडवर बसून माझे भाऊजी असे बोंबलत होते, आणि ते नीट ऐकू यावं म्हणून सारं गाव बिडी ओढत ओढत जवळ सरकत होतं. मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली; पण हुशारीच्या जोरावर स्वतःच्याच घरची चूल बंद पाडणारा माणूस एवढा एकच.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, चामोर्शीकडच्या एका गावात विज्ञानाचे मास्तर. गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कलेक्टर येऊन बसले होते, पेट्रोल अजून वाटेत होतं. गावात ते किराणा दुकानात बाटलीतून मिळे, आणि त्यात पेट्रोल किती नि रॉकेल किती, हे दुकानदाराच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरे. त्या बाटलीनंच भाऊजींचं डोकं फिरवलं. त्यातून चंद्रपूरच्या कोळशाशी त्यांचं जुनं वैर. तिथं एका लग्नाला गेले असता त्यांनी पांढरा सदरा धुऊन वाळत घातला आणि काढला तेव्हा त्याचा वकिली कोट झाला होता, असं ते शपथेवर सांगत. तेव्हापासून "कोळसा नि पेट्रोल हे म्हाताऱ्याइचं इंधन आहे, पुढं साऱ्या जगाच्या गाड्या हायड्रोजनवर पळतीन," हे पालुपद सुरू झालं. कुणी वाटेत नुसतं "जय भीम, मास्तर" म्हटलं तरी भाऊजी त्याला थांबवून पाण्याचे दोन भाग करून दाखवत. "धूर नाई, वास नाई! सायलेन्सरमधून फक्त पाणी गळते." यावर एका म्हाताऱ्यानं मनापासून काळजीनं विचारलं होतं, "मंग मास्तर, गाडीले घडीघडी बाजूले न्या लागन का?"

हायड्रोजन काढायची त्यांची रीत सोपी होती: कॉस्टिक सोडा, पाणी आणि जर्मन. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि घरातली निम्मी भांडी त्याचीच असतात. सुरुवात डावांपासून झाली. मग झाकण्या गेल्या, मग कढई, मग दुधाचं पातेलं. एकेक भांडं ड्रममध्ये उतरून फेस होऊन परलोकी गेलं आणि त्याचा आत्मा ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये जमा झाला. मी पाहुणा म्हणून गेलो, तर बहिणीनं चहा लोट्यात उकळला आणि लोटा पितळेचा असल्याचं मला अभिमानानं दाखवलं. शेवटी उरला एक मोठा गंज, म्हणजे भाताचं उभट पातेलं, आमच्या आईनं तिला लग्नात दिलेलं. भाऊजींची नजर ओळखून ती धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला जातानाही तो डोक्यावर पालथा घालून जाई. लोक समजत, उन्हासाठी.

इकडे हेडमास्तरांनी बजावलं होतं की, गाडी बाजाराच्या दिवशी सर्वांसमोर चालवून दाखवा, नाहीतर पुन्हा वर्गात हायड्रोजनचं नाव काढायचं नाही. भाऊजींना नोकरी गेली असती तरी चाललं असतं. पण पोरांना हायड्रोजन सांगायचा नाही म्हणजे मास्तरकी कशाला करायची? बाजाराच्या सकाळी ट्यूब अर्धीच भरली आणि जर्मन संपलं. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काऊन उभे आहा?" बहिणीनं विचारलं.

"काही नाई."

पण नजर गंजावरून हलेना. तिनं गंजातले तांदूळ सुपात ओतले आणि गंज त्यांच्या हातात दिला. "न्या. पण चालली पाह्यजे."

तर बिड्या कशाबशा विझल्या. भाऊजींनी पेडल मारलं आणि गाडी चालली हो! पाठीवर बांधलेल्या त्या फुगलेल्या ट्यूबमुळं मागचं चाक जमिनीला टेकत नव्हतं, असं मी आजही सांगतो. तीस पावलं गेली असेल. मग असा बार झाला की तिकडं लांब मुलचेऱ्यात लोकांनी वाळवण आत घेतलं. गाडी धानाच्या बांधीत, भाऊजी चिखलात, भुवया दोन्ही गायब. त्या अवस्थेत त्यांनी सायलेन्सरला बोट लावलं आणि ओलं बोट वर धरलं. "पाहा! पाणी!" पाहतो कोण? सारं गाव पोट धरून लोळत होतं. मीही त्यात होतो. हे सांगताना आता बरं वाटत नाही. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत. "उद्यापासून प्रकाशाचा धडा घ्या," म्हणाले आणि बाजाराला गेले.

घरी भाऊजी हातपाय धुऊन चुलीपाशी बसले. आवाज इतका बारीक, की हेच का ते बोंबलणारे, असं वाटावं.

"तीस पावलं चालली," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुह्या आईचा गंज गेला."

बहीण चुलीत लाकूड सारत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"गाडग्यातही भात शिजते," ती म्हणाली.