दीपमालाबाईंचा विनंती थांबा

वैजनाथराव पहिल्यांदा दीपमालाबाईंना पाहायला आले तेव्हा अहमदपुरातली कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरली, असं बाईंच्या माहेरी आजही सांगतात. एक्क्याण्णव सालचा तो रविवार. त्या एका रविवारात या गृहस्थानं चार मुली पाहायच्या ठरवल्या होत्या. सकाळी उदगीर, दहा पन्नासला जळकोट, दुपारी अहमदपूर आणि दिवे लागायच्या आत नांदेड. उदगीरला दोन बशा पोहे आणि जळकोटला तीन बशा पोहे, वर आग्रहाचा शिरा, एवढं पोटात घालून ते अहमदपूरच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांना समोरची सगळी माणसं पिवळी दिसत होती. सहावी बशी पाहून त्यांना घाम फुटला. मुलीकडं न बघता, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नांदेड गाडी किती वाजता हाय?"

मुलीचं घर स्टँडच्या मागं. तिनं खालमानेनं सांगितलं, "तीन वीस. पण बाजार असला की पावणेचारच्या आत हलत न्हाई."

वैजनाथराव जागीच विरघळले. नांदेडची मुलगी त्यांनी पाहिलीच नाही. ठरवलेला थांबा गाळून त्यांनी गाडी मागं वळवल्याचा हा आयुष्यातला पहिला प्रसंग.

ते तेव्हा नुकतेच एसटीत लागले होते. पुढं वाहतूक नियंत्रक झाले आणि नांदेड, अहमदपूर, लातूर अशा स्टँडांवरच्या काचेच्या केबिनीत बसून त्यांनी तीस वर्षं गाड्या सोडल्या. माणूस मनाचा लोण्यासारखा, पण घड्याळाचा कडक. घरातल्या वरणालाही ते 'किती मिनिटं लेट हाय?' असं विचारत. आणि त्यांचा एक शब्द होता, ज्यानं दीपमालाबाईंचे गुडघे झिजले. तो शब्द म्हणजे 'वाटंतच हाय'.

माहूरला देवीचा नवस फेडायला निघाले की नांदेडचा गुरुद्वारा वाटंतच हाय. गुरुद्वारा झाला की अर्धापूरच्या मित्राची केळीची बाग वाटंतच हाय. बागेतून निघालं की कुणाची तरी आत्या वाटंतच हाय. एका नवसात पाच गावं उरकून बाई परत आल्या, आणि शाळेत कुणी विचारलं, माहूर कसं आहे हो, तर त्यांना आठवली ती फक्त रांगेत पुढं उभ्या असलेल्या माणसाची पाठ. शर्टाला मागं एक शाईचा डाग होता. वेरूळला गेल्याचं आठवत होतं, पण वेरूळ आठवत नव्हतं. तेहतीस वर्षांत त्यांनी पाहिलेल्या जागा पुष्कळ, पण जिथं निवांत बसल्या अशी एकही नाही.

दीपमालाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दर वर्षी त्या फळ्यावर निळ्या खडूनं ऱ्हाईन नदी काढत. आल्प्सपासून उत्तर समुद्रापर्यंत, मध्ये ते नेमकं वळण, हात न उचलता. शेवटच्या वर्षी बुद्धप्रिया नावाच्या मुलीनं बाकावरून विचारलं होतं, "मॅडम, उन्हाळ्यात पाणी ऱ्हातं का तिला?" बाई म्हणाल्या, राहतं, पुस्तकात तसं आहे. पण उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या मांजऱ्याच्या काठच्या बाईनं वर्षभर वाहणाऱ्या नदीबद्दल पुस्तकाच्या भरवशावर बोलायचं, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं.

म्हणून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. ऱ्हाईनच्या काठी दोन दिवस नुसतं बसायचं. दुसरं काही नको.

वैजनाथराव लगेच तयार झाले. तिथंच खरं तर बाईंना शंका यायला हवी होती.

पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं, करिश्मानं, व्हिसाचे कागद अंगावर घेतले. दिवस मात्र दहाच मिळणार होते, कारण सासूबाई कस्तुराबाईंना, म्हणजे बाईंच्या अत्याबाईंना, जळकोटला थोरल्या दिरांकडं ठेवायचं होतं आणि म्हातारीचं जळकोटात मन रमायची मुदत दहा दिवसांची होती. अकराव्या दिवशी ती जेवण सोडते. जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले तर हाती उरले आठ.

वैजनाथरावांनी बाईंचाच शाळेचा नकाशासंग्रह उघडला आणि वीत टाकली. आता त्या पुस्तकात एका पानावर महाराष्ट्र आणि एका पानावर युरोप. दोन्ही पानं एकाच मापाची. त्यामुळं पॅरिस ते रोम हे अंतर लातूर ते संभाजीनगरएवढं भरलं. बाईंनी नकाशाखालच्या प्रमाणाकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, असंल, पण तिथल्या गाड्या तीनशेनं पळतात, म्हणजे हिशेब तोच.

चार दिवस ते जेवणाच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून चार्ट आखत बसले. सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, थांबा. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम. आठ दिवस, आठ शहरं. जेवण सगळं गाडीत, झोप निम्मी गाडीत. मोनालिसासमोर त्यांनी लिहिलं होतं, 'मुखदर्शन, २० मिनिटं'. बाई तेवढे दिवस ताट मांडीवर घेऊन जेवल्या. बोलायचा त्यांना कंटाळा आला होता. गुडघ्याला तेल लावता लावता त्या चार्ट वाढताना बघत होत्या.

मग रविवारी जळकोटहून थोरले भुजंगदादा चार्टाच्या तपासणीला आले. दादा स्वतः हैदराबादच्या पलीकडं गेलेले नव्हते, पण युरोपबद्दल त्यांची मतं पक्की होती. एवढं विमानाचं भाडं घालून स्वित्झर्लंड सोडायचं म्हणजे तुळजापूरपर्यंत जाऊन पायरीवरून परत फिरायचं, असं ते म्हणाले. वैजनाथराव लगेच व्हिएन्ना आणि व्हेनिसच्या मध्ये बारीक अक्षरात स्वित्झर्लंड घुसवू लागले.

"आन् मास्तरीणबाईची नदी कुठं हाय यात?" दादांनी विचारलं.

"ठिवली की," वैजनाथराव अभिमानानं म्हणाले. "कोलोनला गाडी बदलताना. पंचवीस मिनिटं. विनंती थांबा दिलाय तिला."

दादा हसले. विनंती थांबा म्हणजे जिथं प्रवाशानं हात केला तर गाडी थांबते, नाहीतर धुरळा उडवत पुढं जाते.

दीपमालाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले. आवाज चढवायचं त्राणच नव्हतं. पाचवीच्या वर्गाला गृहपाठ सांगावा तशा त्या बोलल्या.

"अहो, तेहतीस वर्षं विनंती थांब्यावर हात करून उभी हाय मी. तुमची गाडी एकदा बी थांबली न्हाई. मला आता मुक्कामी गाडी पाहिजे. न्हाईतर तुम्ही आन् दादा जाऊन या. मी अत्याबाईंपाशी ऱ्हाते."

मुक्कामी गाडी म्हणजे जी शेवटच्या गावाला जाऊन तिथंच राहते. तीस वर्षं केबिनीत काढलेल्या माणसाला याहून सोपं करून सांगता येणार नव्हतं. दादांनी चहा बशीत ओतला आणि बशीतच बघत राहिले. वैजनाथराव म्हणाले, "हाव, बरोबर हाय तुझं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फेऱ्या रद्द करायला घेतल्या. नियंत्रकाला फेरी रद्द करणं म्हणजे स्वतःच्या हातानं गाय कसायाला देण्यासारखं. रोज संध्याकाळी एक शहर. नाकातून, स्टँडवरच्या भोंग्याच्या आवाजात ते जाहीर करत, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. प्राग फेरी रद्द करण्यात आली आहे." आणि मग खरंच जेवत नसत. रोम गेलं त्या दिवशी भुजंगदादांचा सांत्वनाचा फोन आला. दोनच गावं पाहून आलात तर लोकांना काय तोंड दाखवणार, असं विचारून त्यांनी सांत्वन संपवलं. वैजनाथरावांनी त्यांना पहिल्यांदाच उलट सांगितलं की नदी तिला पाहायची हाय, लोकांना न्हाई. बाईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि त्या दिवशी वरण वेळेत झालं.

शेवटी चार्टावर दोन नावं उरली. पॅरिस चार दिवस, कोलोन चार दिवस. करिश्मानं फोनवर चार्ट पाहिला आणि म्हणाली, "बाबा, आता हे माणसांचं वेळापत्रक वाटतंय." कोलोनच्या चौकटीत वैजनाथरावांनी काहीही लिहिलं नव्हतं. एवढी कोरी जागा त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. दीपमालाबाई येताजाता त्या कोऱ्या चौकटीकडं बघत आणि त्यांना बसल्याइतकं बरं वाटे. त्यांनी बसायला एक चटई घेतली, थर्मास घेतला, विणायला लोकर घेतली. पॅरिसची चौकट त्यांनी वाचली नाही. नवरा आठावरून दोनावर उतरला, तर त्याला एक गाव त्याच्या मनासारखं बघू द्यावं, असा त्यांनी विचार केला.

सप्टेंबरात ते गेले. पॅरिसच्या चार दिवसांत बावीस ठिकाणं होती, कारण रद्द झालेल्या शहरांचा सगळा वेळ वैजनाथरावांनी तिथं वळवला होता आणि सगळंच वाटंत होतं. तिसऱ्या दिवशी दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्यांच्या एका कमानीवर चढून उतरताना दीपमालाबाईंचा उजवा गुडघा सुजला. कोलोनला त्यांना चाकाच्या खुर्चीवरून हॉटेलात नेलं. डॉक्टरनं पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलं. चारही दिवस त्या खोलीत पडून होत्या आणि वैजनाथराव शेजारी बसून बर्फ लावत होते. खोली मागच्या बाजूची होती, खिडकीतून नदी दिसत नव्हती. परतीच्या विमानासाठी फ्रँकफर्टकडं जाताना त्यांची रेल्वे कोलोनच्या पुलावरून गेली, तेव्हा नदी साधारण एक मिनिट दिसली.