मॅचकडं पाठ करून बसणारा कोच

उंब्रजजवळच्या आमच्या हायस्कूलात मी गणित शिकवतो आणि मुलींच्या क्रिकेट टीमचं स्कोअरबुक लिहितो. म्हणून संस्थेनं पाठवलेला तो कागद माझ्याच टेबलावर येऊन पडला. ‘टीमच्या यशात प्रशिक्षकाचा वाटा किती?’ पुढं रिकामी चौकट आणि टक्क्याची खूण. आता काय बोलायचं! आमटीला चव कशानं आली, हे मला घरात सांगता येत नाही, आणि हे माणसाचा वाटा विचारतायत. पण मेजरना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते या कागदावर ठरणार होतं.

मेजर म्हणजे आमचे कोच. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. मलकापूरहून रोज सकाळी साडेसहाला मैदानावर हजर. एकच स्टंप रोवायचा आणि लांबून मुलींना त्यावर थ्रो मारायला लावायचं. नेम चुकला तर शिवी नाही, उपदेश नाही. ‘पुन्हा’ एवढंच म्हणायचे. तीन वर्षं मी ते ‘पुन्हा’ ऐकलं. सुरुवातीला धड पन्नास रनही न काढणाऱ्या पोरी तालुक्यात पहिल्या आल्या.

मात्र मॅच सुरू झाली, की मेजर खुर्ची उलटी फिरवायचे आणि मैदानाकडं पाठ करून बसायचे. मी एकदा न राहवून विचारलं.

“आवं सर, कॅच सुटला की मी वरडणार. मी वरडलो की पोरगी बॉल सोडून माझ्याकडं बघणार. माझं काम सकाळीच झालंय.”

मला हे लय भारी वाटलं होतं. त्यामुळं टक्क्याची चौकट मी कोरीच ठेवली आणि खाली मोठ्या अभिमानानं लिहिलं, ‘टीम इतकी तयार आहे, की प्रशिक्षक सामना बघतही नाहीत.’ म्हटलं, याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं! एवढा शिकलेला माणूस मी, पण अक्कल गहाण टाकली होती.

बैठकीत संस्थेच्या अध्यक्षांनी नेमकं तेवढंच वाक्य मोठ्यानं वाचलं.

“सर, जो गडी मॅच बघतच न्हाई, तो करतो तरी काय?”

सगळे हसले. मी उठून सकाळचे थ्रो सांगितले, तो एकटा स्टंप सांगितला.

“थ्रो पोरींनीच मारलं न्हवं? तुमच्याच वहीत लिवलंय की.”

खरं होतं. रनआउटपुढं थ्रो मारणारीचं नाव येतं. ‘पुन्हा’ म्हणणाऱ्यासाठी स्कोअरबुकात रकाना नसतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी खाली बसलो. जूनपासून मेजर यायचे बंद झाले. कुणाच्या वाक्यानं, ते त्यांना कळलं होतं. त्यावरून मला कधी बोलले नाहीत.

नवे कोच कराडचे. गळ्यात शिट्टी आणि दिवसभर ‘कम ऑन, कम ऑन’. मला तो माणूस डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा. सांगायला लाज वाटते, पण टीम हरावी असं मला मनापासून वाटत होतं. हरली असती, तर ते स्कोअरबुक अध्यक्षांच्या पुढ्यात आपटायचं मी ठरवलं होतं. सांगलीला विभागाची फायनल झाली आणि पोरी जिंकल्या. नव्या कोचला फेटा बांधला, मीही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी सगळ्यात जास्त रन काढले ते मेजरांच्या काळात कायम नवव्या नंबरला जाणाऱ्या मुलीनं. नव्या कोचनं तिला तिसऱ्या नंबरला पाठवलं होतं. आणि समोरच्यांची शेवटची विकेट गेली ती रनआउटनं, लांबून थेट स्टंपावर बसलेल्या थ्रोनं. दोन्ही मीच लिहिलं, एकाच पानावर.

रविवारी मलकापूरला गेलो. मेजरनी आत चहा सांगितला आणि सगळी मॅच ऐकून घेतली, नवव्या नंबरच्या पोरीसकट. मग चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसले.

“सर, मी नसतो, तरी जिंकल्या असत्या का वो? खरं सांगा. तुमी गणिताचं मास्तर.”

‘मेजर, सगळं तुमचंच’ असं म्हणायचं मी घरातूनच ठरवून आलो होतो. तोंड उघडलं आणि ती पोरगी डोळ्यांपुढं आली, तो थ्रोही आला. मी बशीतल्या चहाकडं बघत राहिलो.

“असू द्या,” मेजर म्हणाले. “मला वाटलं, तुमाला तरी ठावं असंल.”