धुळीशी हाडवैर

डोणगावातला स्टुडिओ बंद करून चाचांनी घरी स्कॅनर मांडला, पण फोटोग्राफरची सवय गेली नाही. निगेटिव्ह काचेवर ठेवली की ते पंखा बंद करतात आणि समोर खुर्चीवर बसलेल्या माणसालाच दटावतात, "हालू नका!" धूळ दिसली की त्यांचं डोकं फिरतं. फोटोवर उरलेला धुळीचा एकेक पांढरा ठिपका ते कॉम्प्युटरवर शोधून शोधून पुसतात.

बीटी कापसाचं बियाणं नवीन आलं त्या साली बाबांनी मुद्दाम चाचांना वावरात बोलावून फोटो काढून घेतला होता. ती निगेटिव्ह मी त्यांना दिली. दुपारभर खपून त्यांनी ऐटीत स्क्रीन माझ्याकडे वळवली. बाबा हसत उभे होते आणि मागे नुसत्या हिरव्या पऱ्हाट्या.

"चाचा, कापूस कुठी गेला?"

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "या अल्ला! मले वाटलं धूळ हाय."

"बोंडअळीलेही इतकं साफ जमलं नव्हतं."

ते हसले नाहीत. त्यांनी निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केली आणि या वेळी एकही ठिपका पुसला नाही. बाबांच्या टोपीवर, सदऱ्यावर, आभाळातसुद्धा पांढरं.

"चाचा, धूळ तं तशीच राह्यली."

"राहू दे बेटा. इतका कापूस तुह्या बापाले मंग पुन्हा कधी झाला?"