धोंडप्पांचा कडता

राणीसावरगावच्या पेठेत धोंडप्पांचं अडतीचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. शेतकऱ्यानं पोतं आणलं की मापाडी आश्रुबा ते काट्यावर चढवायचा, वजन पुकारायचा, आणि धोंडप्पा गादीवरून डोळे न उघडता म्हणायचे, "कडता काप." कडता म्हणजे मालाच्या वजनातून कापायची तूट. पोत्याचा कडता, धुळीचा कडता, ओलाव्याचा कडता. जवारी पापडासारखी वाळवून आणली तरी अप्पांच्या बोटाला तिच्यात ओल लागायचीच.

घरात मात्र त्यांच्या ताटातला कडता कोणी कापत नव्हतं. धपाट्यावरचा लोण्याचा गोळा वितळायच्या आत अप्पा दुसऱ्या धपाट्याला हात घालायचे. त्यामुळं देह असा झाला होता की गादीवरून उठायचं म्हणजे आधी आश्रुबाला हाक मारायची.

गावात पहिला टीव्ही आला त्या साली पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आपसात आरोग्य निधी काढला. वर्षाला वर्गणी भरायची आणि कोणी दवाखान्यात पडलं तर निधीनं खर्च सोसायचा. पण सगळेच गादीवर बसून फुगलेले. कुणाला साखर, कुणाला बीपी. निधी बघता बघता आटला. तेव्हा अध्यक्ष किशनराव कापडवाल्यांनी शक्कल काढली. गुढीपाडव्याला वजन करायचं आणि दिवाळीपर्यंत जो दहा किलो उतरवील, त्याला प्रेशर कुकर बक्षीस. किशनरावांचा हिशेब सरळ होता : आजारी माणसाला पैसे देण्यापेक्षा धडधाकट माणसाला भांडं दिलेलं परवडतं.

शेजारच्या कमलबाईकडं कुकर आल्यापासून धोंडप्पांच्या गंगम्माला तुरीची डाळ वैरीण वाटायला लागली होती.

"कमलबाईची डाळ दोन शिट्ट्यांत शिजायलीय," ती म्हणाली. "माझी निम्मी जिंदगी धुरात गेली."

"इकत कशाला घ्यायचा? फुकट आणतो. जबान दिली तुला."

"तुमच्या जबानीचाबी कडता निघंल."

हे अप्पांना लागलं.

पेठेतला सगळ्यात मोठा काटा अप्पांचाच, म्हणून वजनं त्यांच्याच दारात झाली. वर बाजाराचा दिवस. अप्पा काट्यावर चढले आणि आश्रुबानं सवयीनं पोतं पुकारावं तसं पुकारलं, "एक क्विंटल पाच."

बाजार हसला. लिंबाजी म्हणून एक शेतकरी होता, दर साल अप्पांनाच माल घालायचा. तो म्हणाला, "अप्पा, भाव काय काढलाव?"

अप्पांचे कान लाल झाले. "आरं, कडता काप की."

"कशाचा, अप्पा?"

"धोतराचा काप. चपलांचा काप. गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीचा काप. तांब्याभर पाणी पिऊन आलोय, त्याचाबी काप."

आश्रुबानं सहा किलो कापले. किशनरावांनी नव्व्याण्णव लिहून घेतले. क्विंटलाच्या आत आल्याच्या समाधानात अप्पा काट्यावरून उतरले.

मग सुरू झाली तपश्चर्या. पहाटे उठून फाट्यापर्यंत चालायचं. वाटेत भेटेल तो विचारायचा, "अप्पा, इतक्या लांब? अन् तांब्या कुठं हाय?" गंगम्मानं लोण्याचं गाडगं कुलपात घातलं. ताटात अर्धी भाकर आणि अंबाडीची भाजी आली. पावसाळा सरेपर्यंत अप्पांचं धोतर कमरेला एक वेढा जास्तीचा घ्यायला लागलं, आणि एका सकाळी ते आश्रुबाला हाक न मारता गादीवरून उठले.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा बाजाराच्या दिवशी काटा मांडला. निधीच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, या बारीला चपला, डबी काही नको, नुसतं धोतर. नव्या जवारीची पोती घेऊन शेतकरी रांगेत उभे होते.

"पंच्याण्णव," आश्रुबा म्हणाला.

अप्पांनी दाराकडं बघितलं. गंगम्मा दारात उभी होती. तिनं कुकरची जागासुद्धा सारवून ठेवली होती.

किशनरावांनी चष्मा सारखा केला. "नव्व्याण्णवातून पंच्याण्णव गेले, राहिले चार. कुकर बसत न्हाई, अप्पा."

"चार कसे? एकशे पाच व्हतो मी. कडता कापून नव्व्याण्णव भरलो."

"लिहिलंय ते नव्व्याण्णव."

"मग आताबी कडता कापा."

रांगेतून लिंबाजी शांतपणे म्हणाला, "अप्पा, माल वाळलाय आता. वाळल्या मालाला कडता कशाचा?"

हेच वाक्य लिंबाजी दर हंगामात म्हणायचा आणि अप्पांना ते कधी ऐकू यायचं नाही. आज पेठेतल्या सगळ्यांना आलं.

किशनरावांनी पेन उघडला. "एक सांगा. पाडव्याचा तो सहा किलोचा कडता खरा व्हता का खोटा? खोटा म्हणलाव तर आत्ता एकशे पाच लिवतो."

अप्पा पोत्यांच्या रांगेकडं बघायला लागले. खरा म्हणावं तर कुकर जातो. खोटा म्हणावं, तर ही रांग काय ऐकायला उभी आहे ते त्यांना दिसत होतं. त्यांनी दाराकडं बघितलं. धुरानं लाल झालेले डोळे गंगम्मानं पदरानं पुसले, बस.

"खोटा व्हता," अप्पा पुटपुटले.

"जरा मोठ्यानं, अप्पा," लिंबाजी म्हणाला. "मागच्यांना आयकू येईना."

"खोटा व्हता म्हणलो ना."

कुकर मिळाला.

पुढच्या बाजारी लिंबाजीचं पोतं काट्यावर चढलं. आश्रुबानं वजन पुकारलं आणि गादीकडं बघितलं. "अप्पा, कडता?"

अप्पांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागं घरात शिटी झाली. रांगेतली सगळी माणसं अप्पांकडं बघायला लागली.

"रिकामं पोतं भरंल तेवढाच काप," अप्पा म्हणाले.

लिंबाजीनं पैसे मोजून कनवटीला लावले. "अप्पा, अजून दहा उतरवा की. पुढच्या पाडव्याला मिक्सर ठेवणार हायत म्हणं."

अप्पांनी ढिलं झालेलं धोतर आवळलं आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "आगं, लोण्याच्या कुलपाची किल्ली कुठं हाय? उतरवायचं तर आधी चढवाया पायजे."